वरळीच्या रिकाम्या खोल्या

आमच्या तळेरे गावच्या वाडीत वर्षातले दहा महिने उघड्या दारांपेक्षा कुलपेच जास्त दिसतात. 14 एप्रिलच्या आसपास आणि मे महिन्यात ती निघतात, मुंबईकर येतात, अंगण सारवले जाते आणि पाऊस पडायच्या आत पुन्हा कडी लागते. या कुलपांविषयी गावात आणि मुंबईच्या ग्रामस्थ मंडळांत पुष्कळ हळहळ व्यक्त होते. मला मात्र ती पाहिली की दुसऱ्याच कुलपांची आठवण होते. ती मी पाहिलेली नाहीत. ती मुंबईत वरळीला होती, सुमारे शंभर वर्षांपूर्वी, आणि ती उघडली गेली म्हणून आमच्या घराण्याची एक शाखा शहरात टिकली.

माझा आजा 1930 नंतरच्या दोन-तीन वर्षांत विजयदुर्गाहून बोटीने मुंबईला गेला. आधी दोन वर्षे तो परळच्या बाजूला गाववाल्यांच्या गाळ्यात वळकटी टाकून राहिला. मग आजीला आणायचे ठरले तेव्हा खोली शोधू लागला. खाजगी चाळींच्या मालकांनी आडनावावरून ओळखले, कुणी गाव विचारून ओळखले आणि कुणी सरळ जात विचारली. शेवटी वरळीच्या सरकारी चाळीत त्याला जागा मिळाली. ती कशी मिळाली हे तो म्हातारपणी एका वाक्यात सांगत असे: "खोली रिकामी होती म्हणान गावली, नायतर आमका कोण देतलो होतो?"

आपल्या चळवळीच्या लेखनात वरळी, नायगाव, डिलाईल रोड ही नावे पुष्कळ येतात. तिथल्या चाळींना आपण बालेकिल्ला म्हणतो. पण या बालेकिल्ल्यात आपण शिरलो कसे हा प्रश्न फारसा कुणी विचारलेला नाही. त्याचे उत्तर आजाच्या वाक्यात आहे. तिथे खोल्या रिकाम्या होत्या. हजारोंनी रिकाम्या होत्या, आणि त्याच वेळी मुंबईचा कामगार एकेका खोलीत दाटीवाटीने झोपत होता. हे दोन्ही एकाच शहरात एकाच वर्षी कसे घडले हे समजून घेतल्याशिवाय आपला नागरी इतिहास पुरा होणार नाही.

1896 साली मुंबईत प्लेग आला. रोगाचे मूळ दाटीत आहे असे ठरवून 1898 साली इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने रस्ते रुंद केले, जुन्या वस्त्या पाडल्या आणि उठवलेल्यांपैकी काहींसाठी चाळी बांधल्या. परळच्या पोयबावाडीतील अशाच एका ट्रस्टच्या चाळीत बाबासाहेबांची बावीस वर्षे गेली, 1912 पासून 1934 पर्यंत. बॅरिस्टर होऊन आलेला माणूस त्या खोल्यांत राहिला, आणि महाडचा संग्राम ज्या काळात झाला त्या काळातही त्याचा पत्ता तोच होता. पण ट्रस्टच्या चाळींनी प्रश्न सुटण्यासारखा नव्हता. 1921 च्या शिरगणतीत मुंबईच्या दर तीन माणसांपैकी जवळजवळ दोन माणसे एकखोली बिऱ्हाडात राहत होती आणि अशा एका खोलीत सरासरी चार माणसे पडत होती. सरासरी चार याचा अर्थ कित्येक खोल्यांत आठ आणि दहा.

पहिले महायुद्ध संपले तेव्हा इंग्लंडात लढून आलेल्या शिपायांना घरे द्या अशी हाक उठली, आणि 1919 च्या कायद्याने तेथील नगरपरिषदांनी सरकारी मदतीवर घरे बांधायला घेतली. त्याच वाऱ्यात मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी 1920 साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे नवे खाते उभे केले. आपल्या लोकांच्या तोंडी त्याचे 'बीडीडी' झाले. आठ वर्षांत पन्नास हजार खोल्या बांधायच्या असा बेत होता. पैसा कर्जातून आणि शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया जकात बसवून उभा करायचा होता. प्रत्यक्षात 207 चाळी उभ्या राहिल्या. वरळीला 121, नायगावला 42, डिलाईल रोडला 32 आणि शिवडीला 12. खोल्या झाल्या सोळा हजारांहून थोड्या अधिक, म्हणजे बेताचा एक तृतीयांश. याच खात्याने बॅकबेच्या समुद्रात भराव घालण्याचा उद्योग केला. त्यातल्या उधळपट्टीवर के. एफ. नरिमन यांनी तोफ डागली, 1926 साली चौकशी समिती बसली आणि खात्याची अब्रू गेली. चाळींचे काम तोवर थांबलेच होते.

चाळ कशी होती हे ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो, कारण आता त्या पडत चालल्या आहेत. तळमजला आणि वर तीन मजले. मधून एक लांब बोळ, दोन्ही अंगांना दहा-दहा खोल्या. मजल्यावर वीस, चाळीत ऐंशी. खोली 160 चौरस फुटांची. बोळ खोल्यांच्या मधोमध असल्याने भर दुपारीही तिथे अंधुक असे. संडास मजल्यावर सामाईक. भिंती सिमेंट काँक्रीटच्या, म्हणजे खुंटी ठोकायची तर घाम निघावा अशा. माझ्या आजीला पहिल्या रात्री त्या खोलीत झोप आली नाही. गावच्या मातीच्या भिंतीला माणसाचा वास असतो, इथे नुसता चुन्याचा आणि दगडाचा, असे ती म्हणायची.

आता मुद्द्याकडे येतो. वरळीच्या चाळी बांधून तयार झाल्या आणि तशाच पडून राहिल्या. 1925 साली बर्नेट-हर्स्ट यांचे मुंबईच्या कामगार वस्तीवरचे पुस्तक निघाले, पुढे 1929 साली नेमलेल्या व्हिटले आयोगापुढेही या चाळींचा विषय आला. (डिलाईल रोडला पुढे ज्यांचे नाव मिळाले ते ना. म. जोशी या आयोगाचे एक सभासद होते.) त्या काळच्या चर्चेत जी कारणे दिली गेली ती अशी: भाडे जास्त, गिरणीपासून लांब, रस्त्यावर दिवे नाहीत, बाजार नाही, येण्याजाण्याला वाहन नाही. ही कारणे खोटी नव्हती. वरळी तेव्हा शहराचे टोक होते. तिथल्या लव्हग्रोव्हला सगळ्या शहराचे मैलापाणी आणून समुद्रात सोडले जाई. मुंबईत बस सुरू झाली ती 1926 साली, आणि तीही अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या बाजूला. गिरणीचा भोंगा पहाटे व्हायचा. अंधारातून पायी चालत जायचे, दिवसभर उभे राहायचे आणि पुन्हा चालत यायचे, याला कोण तयार होईल?

तरी या कारणांच्या यादीत मला एक मोठी उणीव दिसते. ती यादी खोलीकडून माणसाकडे पाहते. माणसाकडून खोलीकडे पाहिले तर चित्र बदलते. रत्नागिरी जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या सिंधुदुर्गासह साऱ्या तळकोकणातून, जो कामगार मुंबईला गेला तो कुटुंब घेऊन गेला नव्हता. 1921 साली मुंबईत हजार पुरुषांमागे बायका पाचशेच्या थोड्याच वर होत्या. त्याची बायको गावी खोताच्या जमिनीत राबत होती. मुंबईत त्याला घर नको होते, पाठ टेकायला जागा हवी होती, आणि ती गाळ्यात आठ-दहा जणांत भाडे वाटून मिळत होती. जेवण खाणावळीत, उधारी वाण्याकडे, नोकरीची खटपट मुकादमाकडे, आजारपणात धावून येणारा शेजारच्या बाकड्यावरचा गाववाला. वरळीला जायचे म्हणजे हे सगळे सोडून जायचे. भाड्याचे दोन रुपये त्यामानाने क्षुल्लक होते. सरकारने खोली बांधली, पण वाणी बांधला नव्हता आणि गाववाला बांधला नव्हता. शिवाय गिरणीत संप झाला की कामगार बोटीने गावी जाई. 1928 चा संप एप्रिल ते ऑक्टोबर असा सहा महिने चालला, सुमारे दीड लाख कामगार त्यात होते. गाळ्यातल्या माणसाची वळकटी दुसरा सांभाळतो, पण सरकारी खोलीचे सहा महिन्यांचे भाडे कोण भरणार?

याच वर्षांत युरोपात व्हिएन्ना शहराच्या समाजवादी नगरपालिकेने साठ हजारांवर घरे बांधली. 1923 साली तिने घरांवर एक खास कर बसवला. श्रीमंताच्या बंगल्यावर तो जबर होता आणि गरिबाच्या खोलीवर नाममात्र. त्यातून ज्या इमारती झाल्या त्यांच्या पोटातच धुलाईघर, बालवाडी, दवाखाना आणि वाचनालय होते. भाडे कामगाराच्या पगाराच्या अगदी लहान हिश्श्यात बसत होते. तिथे खोलीसाठी रांग लागली. दोन्ही शहरांत कामगार कारखान्यातलाच. फरक इतका की व्हिएन्नात कामगारांच्या मतांवर निवडून आलेले लोक घरे बांधत होते आणि मुंबईत गव्हर्नर बांधत होता. वरळीच्या खोलीत राहणाऱ्याला एकदाही विचारले गेले नाही, आणि त्यातल्या अस्पृश्याला विचारण्याचा तर प्रश्नच नव्हता.

रिकाम्या खोल्यांचे सरकारने काय केले? भाडी उतरवली. काही चाळी पोलिसांना आणि सरकारी नोकरांना दिल्या. 1930 साली कायदेभंगाची चळवळ पेटली, तुरुंग भरले, तेव्हा वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग करण्यात आला. ज्या इमारतीत कामगार यायला तयार नव्हता तिच्यात सत्याग्रह्यांना कोंडले. सरकारच्या दृष्टीने खोलीचा वापर झाला, एवढ्याने भागले. मला यात विनोद दिसतो, पण त्याबरोबर एक सत्यही दिसते: कैद्याला वाणी लागत नाही, दिवा लागत नाही आणि बसही लागत नाही.

आणि मग आपण आलो. हे एका दिवसात घडले नाही. भाडे उतरले तेव्हा ज्याला दुसरीकडे कुठेच दार उघडत नव्हते तो पुढे सरसावला. गिरणीतही हेच होते. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धागा चालणार नाही म्हणून त्याला रिंग खात्यात ठेवले. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी नेमका हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे टाकला. ज्याला खात्यात दार बंद, त्याला खाजगी चाळीतही दार बंद. त्याचा पगार कमी, म्हणून उतरलेले भाडे त्याला मोलाचे. त्याची गावातली मुळेही पातळ. कोकणात खोती होती. वाडीतल्या माणसाला घर होते, पण घराखालची जमीन खोताची. बाबासाहेबांनी 1937 साली खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले, प्रत्यक्ष कायदा व्हायला 1949 उजाडले. अशा माणसाला वरळीचा लांब पल्ला आणि अंधार सोसण्यासारखा वाटला, कारण त्या अंधारात त्याला कुणी उठ म्हणणार नव्हते.

आजाच्या पत्र्याच्या पेटीत भाड्याच्या पावत्यांचा जुडगा होता. त्या पावतीवर नाव, चाळीचा आकडा, खोलीचा आकडा आणि भाडे एवढेच होते. गावात त्याचे नाव ज्या ज्या कागदावर होते तिथे नावाआधी जात होती. या कागदावर ती नव्हती. म्हातारपणी त्याला वाचता येत नव्हते तरी तो पावत्या काढून बघत बसे.

पण इथे मी आपल्या लोकांना थोडे दुखवणार आहे. या चाळी समतेची शाळा होत्या असे जे भाषणात म्हटले जाते ते मला मान्य नाही. रिकाम्या खोल्या ज्या पद्धतीने भरल्या ती पद्धत नात्यागोत्याची होती. एकाला खोली मिळाली की तो भावाला आणि मेव्हण्याला आणतो, मेव्हणा गाववाल्याला आणतो. असे होत होत अमुक चाळ घाटावरच्यांची, तमुक कोकणातल्या मराठ्यांची, अमुक आपली असे नकाशे तयार झाले. सरकारला खोली भरली की पुरे होते, कोणाशेजारी कोण याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. गावकुसाबाहेरची वाडी वरळीला चार मजली झाली. त्यातून ताकद आली हे खरे. समता सैनिक दलाच्या कवायती, जयंतीच्या मिरवणुका, 1956 नंतर चाळीचाळींत सुरू झालेली बुद्धवंदना, मुलांचे रात्रीचे अभ्यास, हे एकत्र राहिल्याशिवाय झाले नसते. पण त्याच नकाशाने शत्रूलाही आपला पत्ता दिला. 5 जानेवारी 1974 रोजी वरळीत दलित पँथरची सभा झाली. मध्य मुंबईच्या लोकसभा पोटनिवडणुकीवर बहिष्काराची हाक पँथरने दिली होती. त्या सभेवर हल्ला झाला आणि दंगल भडकली. 10 जानेवारीला निषेध मोर्चावर वरून दगड टाकला गेला आणि भागवत जाधव ठार झाले. पुढे भस्मे आयोग नेमला गेला. त्या दिवसांत चाळीच्या गच्चीवरून समोरच्या चाळीवर दगड, सोडा वॉटरच्या बाटल्या आणि पेटते बोळे पडत होते. मी तेव्हा शाळकरी होतो. आमच्या बोळाच्या टोकाला बायकांनी पाण्याच्या बादल्या भरून ठेवल्या होत्या त्या मला आठवतात. पोलिसांची कुटुंबे त्याच चाळींच्या आवारात राहत होती, म्हणजे 'रिकामी जागा भरा' या जुन्या हिशेबात सरकारने कुणाला कुणाशेजारी बसवले होते ते त्या रात्री कळले.

बायकांनी काय सोसले हाही या इतिहासाचा एक कोपरा आहे, तो आपल्या पुरुषांच्या लेखनात कायम अंधारात राहतो. रात्रीचा सामाईक संडास, रिकाम्या मजल्यावरचा अंधार, बंद खोल्यांच्या रांगेपुढून एकटीने जाणे. आजी सांगायची की तिच्या मजल्यावर सुरुवातीला मोजकी बिऱ्हाडे होती आणि ती दिवस मावळल्यावर नळावर जात नसे. रिकामी खोली म्हणजे सरकारी दप्तरातला एक आकडा असतो. तिच्या शेजारच्या भरलेल्या खोलीतल्या बाईला ती भीती असते.

रिकाम्या खोल्यांचा प्रश्न शेवटी सरकारने सोडवला नाही, दुसऱ्या महायुद्धाने सोडवला. गिरण्या रात्रंदिवस चालू लागल्या, शहर फुगले, फाळणीनंतर निर्वासित आले, 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली, आणि ज्या खोलीला कुणी विचारत नव्हते तिच्यासाठी पागडी मागितली जाऊ लागली. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला तेव्हा पुन्हा हजारो कामगार कोकणात परतले. पण या वेळी खोली कुणी सोडली नाही. कुलूप लावून, भावाला ठेवून, पोटभाडेकरू घालून, कसेही करून धरून ठेवली. पन्नास वर्षांत तोच 160 चौरस फुटांचा तुकडा ओझ्याचा ठेवा झाला होता.

हे जुने झाले असे कुणी म्हणू नये. माहूलला प्रकल्पग्रस्तांसाठी हजारो घरे बांधली गेली, शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने. 2015 साली राष्ट्रीय हरित लवादाने तिथल्या हवेची दखल घेतली. तानसा जलवाहिनीलगतच्या उठवलेल्या लोकांना तिथे सक्तीने पाठवता येणार नाही, दुसरीकडे घर द्या नाहीतर महिना 15,000 रुपये भाडे द्या, असा आदेश 2019 साली मुंबई उच्च न्यायालयाने दिला. खोल्या पडून राहिल्या. 2025 साली मुंबई महापालिकेने त्यांतल्या नऊ हजारांच्या आसपास खोल्या आपल्याच कर्मचाऱ्यांना साडेबारा लाखांच्या आसपास किमतीत विकायला काढल्या, आणि घेणारे फार थोडे निघाले. विरार-बोळींजला म्हाडाची हजारो घरे पाणी आणि किंमत या दोन कारणांनी पडून राहिली, सोडत बाजूला ठेवून 'प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य' अशी जाहिरात करावी लागली. दोन्ही ठिकाणी वर्तमानपत्रांत छापून येते की लोक घरे घेत नाहीत. शहरात हजारो माणसे पदपथावर आणि पुलाखाली असताना लोक घरे घेत नाहीत या वाक्याचा अर्थ काय, हे विचारायला 1925 सालीही कुणी वरळीच्या माणसाकडे गेले नव्हते. इंग्लंडात आता वर्षानुवर्षे बंद ठेवलेल्या घरावर नगरपरिषदा जादा कर लावू शकतात. आपल्याकडे तसा कर बसवायचा म्हटला तर पहिली नोटीस कुणाला जाईल याचा अंदाज वाचकांनीच करावा.

वरळीच्या चाळी आता पाडल्या जात आहेत. 2017 साली पुनर्विकासाचे भूमिपूजन झाले. 160 च्या जागी 500 चौरस फूट, काम म्हाडाकडे. 14 ऑगस्ट 2025 रोजी वरळीच्या पहिल्या 556 रहिवाशांना नव्या उंच इमारतीतल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. पात्र ठरण्यासाठी जुने कागद लागतात. माझ्या चुलतभावाने गेल्या वर्षी मला फोन केला, आजाची पेटी गावी आहे का म्हणून. पेटी होती. मी माळ्यावरून काढली, पावत्या एकेक झटकून पाहिल्या. काही वाळवीने खाल्ल्या होत्या, काहींवर नाव शाबूत होते. त्या मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तळेरे तिठ्यावरून रात्रीच्या बसने मुंबईला नेल्या.

चुलतभावाला विचारले, वर एवढ्या मजल्यावर देखभालीचा खर्च, लिफ्टचा खर्च महिन्याला किती येईल? तो म्हणाला, अजून कुणी नीट सांगत नाही. शेजारचे दोघे आतापासूनच बोलतात की घर ताब्यात आले की भाड्याने देऊ आणि बदलापूरला जाऊ. तुझे काय, म्हणून विचारले तर हसला आणि म्हणाला, मी गावचे घर दुरुस्त करून घेतो, दादा, तू फक्त तिकडची किल्ली कुणाकडे आहे तेवढे बघ.